खटपट्या

खटपट्या माणूस ओळखायला त्याच्याशी बोलावं लागत नाही. त्याला बसायला खुर्ची द्यावी. साधा माणूस खुर्चीवर बसतो. हा आधी ती हलवून बघतो, मग उलटी करतो आणि "हिचा एक पाय आखूड आहे हो" असं यजमानाला सांगतो. यजमानाला ते कित्येक वर्षांपासून ठाऊक असतं. त्या पायाखाली कागदाची घडी त्यानेच घातलेली असते. पण आता चहा निवणार, घरात पकड आहे का म्हणून विचारणा होणार आणि तासाभराने ती खुर्ची चारही पायांवर सारखी डुलू लागणार, हे अटळ.

ही जात जगभर आहे आणि सगळीकडे सारखीच आहे. खिशात सुटे पैसे नसतात, स्क्रू असतात. बोलताना त्याची नजर तुमच्याकडे नसते, तुमच्या चष्म्याच्या सैल काडीकडे असते. त्याला धरसोड वृत्तीचा म्हणतात, ते मला पटत नाही. हातात घेतलेली वस्तू चालू होईपर्यंत तो तहानभूक विसरून तिच्यामागे असतो. ती एकदा चालू झाली की मात्र त्याचा आणि तिचा संबंध संपला. पुढचं जे असतं, म्हणजे ती विकणं, हिशेब ठेवणं, वसुलीला जाणं, कज्जेदलाली, त्यात त्याला काडीचा रस नसतो. आणि घरच्यांना नेमका त्या पुढच्याच भागात रस असतो.

या जातीचा अस्सल नमुना म्हणून मी वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन गृहस्थाला मानतो. एडिसनचं नाव घेणारे भेटतील, पण एडिसन खटपट्या नव्हे. त्याला बाजार कळत होता. हंट १७९६ साली न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला लुईस काउंटीत जन्मला. भाग शेतीचा, पण सूतगिरण्या येऊ लागल्या होत्या. गिरणी म्हटली की तिथे बिघडणारं काहीतरी असणार, आणि बिघडणारं काही असलं की हा तिथे असणार. १८२६ साली त्याने अळशीच्या धाग्याचं सूत कातायचं यंत्र सुधारून त्याचं पेटंट मिळवलं आणि भांडवल उभं करायला न्यूयॉर्क शहर गाठलं. तिथे भांडवल उभं राहिलं असतं तर हंट सूतगिरणीचा मालक झाला असता आणि मला त्याच्यावर लिहायचं कारण उरलं नसतं.

झालं असं, की शहरात पोचल्यावर एका घोडागाडीखाली मूल सापडल्याचं त्याने पाहिलं. चारचौघांसारखा माणूस हळहळतो, गाडीवानाला शिव्या देतो. हंटने गाडीवानाच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांत लगाम, मग बिचारा भोंगा वाजवणार कोणत्या हाताने? त्याने पायाने बडवायची घंटा काढली आणि १८२७ साली तिचं पेटंट घेतलं. मुंबईत ट्राम होती तोवर, म्हणजे १९६४ पर्यंत, ड्रायव्हर पायाखालची घंटी दणादणा आपटत जायचा, ती कल्पना याच जातीची: हात गुंतलेत ना, पाय काय करताहेत? हंटने घंटेचे हक्क विकून टाकले. सूतगिरणीचं काय झालं, असं त्याला कोणी विचारलं असेल तर त्याच्या चेहऱ्यावर मला खरोखरीचं आश्चर्य दिसतं. कोणती सूतगिरणी?

त्यानंतरची यादी वाचताना धाप लागते. सुऱ्यांना धार लावायचं साधन, दगडी कोळशाची शेगडी, बर्फातून वाट काढणारी होडी, शाईचं पेन, कागदी कॉलर. सर्कशीतल्या माणसाला छताला उलटं लटकत चालता यावं म्हणून खास बूटसुद्धा. एका जन्मात ही कामं करणारा माणूस प्रत्येक कामावर फार रेंगाळला नसणार, हे उघड आहे. त्यातलं बरंच काही दुसऱ्यांनी विकत घेतलं, सुधारलं, त्याच्यावर बंगले बांधले. १८४९ सालच्या त्याच्या एका बंदुकीचंच बघा. लागोपाठ गोळ्या झाडणारी ही बंदूक इतकी नाजूक होती, की लढाईवर न्यायची तर सोबत घड्याळजी न्यावा लागला असता. तिचे हक्क त्याने विकले. पुढे एकाने ती दुरुस्त केली, मग स्मिथ आणि वेसन या जोडीने हात लावला, मग शर्टांचा कारखाना चालवणारे विंचेस्टर नावाचे गृहस्थ आले आणि तिच्या वंशातल्या बंदुकीला त्यांचं नाव लागलं. हंटचं नाव बंदुकांचे संग्राहक तेवढे घेतात.

आता जिच्यामुळे तो आपल्या घरात आला ती वस्तू.

त्या काळी अमेरिकेत पेटंट मागायचं तर अर्जाला रेखाटनं जोडावी लागत. ती काढायला चित्रकार लागे आणि चित्रकाराला पैसे लागत. हंटच्या डोक्यावर अशा एका चित्रकाराचे पंधरा डॉलर चढले होते. म्हणजे जुन्या शोधांच्या चित्रांचंच बिल. गोष्ट अशी सांगतात, की चित्रकाराने तारेचा एक तुकडा हंटपुढे टाकला आणि म्हणाला, यातून काहीतरी करून दे, त्याचे सगळे हक्क मला. कर्ज माफ, वर चारशे डॉलर. हंटने ती तार तीनेक तास वाकवली, सरळ केली, परत वाकवली. उठला तेव्हा सेफ्टी पिन तयार होती. पेटंट निघालं १० एप्रिल १८४९ ला. चारशे डॉलर पदरात पडले, हक्क गेले. कोणी सांगतात चारशेंतून पंधरा वजा झाले, कोणी सांगतात वेगळे फेडले. खटपट्या माणसाच्या हिशेबात एवढा गोंधळ चालायचाच.

पिन हातात घेऊन बघावी. हंटची मूळ पिन सगळी एकाच तारेची होती. तारेला मध्ये एक वेटोळं घातलंय, तीच तिची स्प्रिंग. टोक कायम बाहेर उडी मारायला बघत असतं. आणि दुसऱ्या बाजूला वाकवलेला आकडा, जो त्या टोकाला उडी मारू देत नाही, शिवाय त्याला झाकून घेतो म्हणून बोटाला टोचत नाही. टोकाचा पळून जायचा जोर हाच त्याला आत धरून ठेवतो. असल्या चापाने रोमन लोकही आपले झगे खांद्यावर अडकवत, तेव्हा कल्पनेचं मूळ निदान दोन हजार वर्षांमागचं. पण पेटंटच्या कागदात हंटचा स्वभाव दिसतो: तिथे एका आकाराच्या पिनेवर तो थांबलेला नाही. वेटोळं असं घातलं तर, तसं घातलं तर, गोल केलं तर, शोभेचं केलं तर, असे प्रकार काढत सुटलाय. पंधरा डॉलरचं कर्ज एका पिनेत फिटत होतं. बाकीच्या निव्वळ हाताला राहवलं नाही म्हणून.

या पिनेचं पुढे काय झालं ते मराठी घरात सांगायला नको. ती पदराला असते, निऱ्यांना असते, शाळेच्या गणवेशावरच्या रुमालाला असते. आईच्या बांगडीत तीन-चार लटकलेल्या असतात, आणि लग्नघरात "पिन आहे का गं कोणाकडे?" अशी हाक आली की सगळ्या बायांचे हात आपोआप बांगडीकडे जातात. मुंबईत लोकलच्या बायकांच्या डब्यात पिनांची पाकिटं विकायला येतात. आणि तिचा मुख्य उपयोग तर हंटच्या स्वप्नातही आला नसेल. पायजम्याची नाडी एका बाजूने आत गेली की घरातलं जाणतं माणूस सेफ्टी पिन मागतं, ती नाडीच्या टोकाला लावतं आणि नेफ्यातून चिमटीने पुढे पुढे सरकवत नेतं. निम्म्या वाटेवर पिन आतल्या आत उघडते. त्या क्षणी तोंडून जे शब्द निघतात ते ऐकायला हंट हजर हवा होता. त्याने तिथल्या तिथे नाडी ओवायची वेगळी पिन काढून दिली असती.

पण मला त्याची पिन तितकी मोठी वाटत नाही. मोठी गोष्ट त्याआधीची आहे आणि तिचे त्याला चारशे डॉलरही मिळाले नाहीत.

१८३२ ते १८३४ च्या सुमारास हंटने शिवणयंत्र केलं. त्याच्याआधी अनेकांनी प्रयत्न केले होते आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडली. त्यांना यंत्राने बाईसारखं शिवावं असं वाटे, म्हणजे सुई कापडातून आरपार जावी, पलीकडून ओढावी, परत इकडे यावी. माणसाचा हात हे सहज करतो, लोखंडाला ते जमत नाही. हंटने हाताची नक्कलच सोडून दिली. सुईचं नेढं त्याने मागच्या डोक्यातून काढून टोकाशी आणलं. आता सुईने पार जायची गरज नाही. टोक कापडात खुपसायचं आणि मागे घ्यायचं. मागे येताना खालच्या बाजूला दोऱ्याचा फास सुटतो, त्या फासातून एक छोटा धोटा दुसरा दोरा घेऊन पळतो आणि वरचा-खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. आपण शिंप्याकडे जाऊन "इथे एक टीप मारा" म्हणतो ती हीच टीप. तांदळाच्या पोत्याची शिवण एकेरी दोऱ्याची साखळी असते. नेमकं टोक सापडलं तर एका ओढीत सगळी सुटते आणि सापडलं नाही तर दातांनीही सुटत नाही. टीप तशी उसवत नाही.

यंत्रात खोट होतीच. सरळ शिवण जमायची, वळण जमायचं नाही आणि थोडं शिवून झालं की कापड पुन्हा लावून घ्यावं लागे. पण मूळ गाठ सुटली होती. कोणत्याही शहाण्या माणसाने त्या संध्याकाळी पेटंटच्या कचेरीचा रस्ता धरला असता. हंटने यंत्रातला निम्मा वाटा जॉर्ज ॲरोस्मिथ नावाच्या लोहाराला विकला. ॲरोस्मिथनेही पेटंट घेतलं नाही. त्याला बाकीची कामं होती आणि पेटंटला खर्च फार. पुढे ती बंदूक विकत घेणारा माणूसही हाच ॲरोस्मिथ. ही मंडळी एकमेकांना कशी शोधून काढतात कोण जाणे.

मग मुलीची गोष्ट येते. हंटने कॅरोलाइनला सुचवलं, की हे यंत्र घे आणि बायकांच्या चोळ्यांचा, म्हणजे तिकडच्या कॉर्सेटचा, धंदा उघड. ती पंधरा-सोळा वर्षांची. तिने जाणत्या बायकांना विचारलं आणि बापाला नकार दिला: हे यंत्र चाललं तर हाताने शिवून पोट भरणाऱ्या बायका उपाशी मरतील. बापाने ऐकलं, यंत्र अडगळीत गेलं. तिची धास्ती हवेतली नव्हती. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने अशाच यंत्रांवर पॅरिसला सैन्याचे गणवेश शिवायला सुरुवात केली होती, तेव्हा १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने कारखान्यात घुसून ती यंत्रं फोडली.

या कॅरोलाइनमुळे हंटची गोष्ट सांगणारे लोक हळवे होतात. किती दयाळू माणूस, गरिबांसाठी लाखोंवर पाणी सोडलं! असेलही. मला थोडी शंका आहे. खटपट्या माणसाला पेटंटचा अर्ज भरायचा कंटाळा आलेला असताना घरातून एखादं नैतिक कारण आलं, तर तो ते हातचं जाऊ देत नाही. कोडं सुटलं होतं. अर्ज भरणं हे कोडं नव्हे.

मग १८४६ साली इलायस हाउ नावाच्या तरुणाने, हंटची काही खबर नसताना, नेढं टोकाशी असलेली सुई आणि धोटा यांचं पेटंट घेतलं. हाउ वेगळ्या रक्ताचा. बायकोला शिवणकाम करून संसार ओढताना बघून त्याने हे केलं. यंत्र विकत घ्यायला अमेरिकेत कोणी तयार नव्हतं म्हणून इंग्लंडला गेला, तिथे फसला, कंगाल होऊन परतला, तोवर बायको मरणपंथाला लागली होती. पण हाउकडे हंटकडे नसलेली गोष्ट होती: त्याला वकील कुठे बसतो ते ठाऊक होतं.

आणि तिसरा आयझॅक सिंगर. मूळचा फिरत्या नाटक कंपनीतला नट. बॉस्टनला एका कारखान्यात दुसऱ्याचं शिवणयंत्र दुरुस्तीला आलेलं दिसलं, अकरा दिवसांत त्याने ते सुधारलं आणि १८५१ साली स्वतःचं पेटंट घेतलं. शोधबिध त्याला क्षुल्लक वाटे; तो उघडपणे सांगे की मला पैसा हवा. श्रीमंत झाल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून नऊ घोड्यांची पिवळीधमक प्रचंड गाडी मिरवायचा. संसार एकाहून अधिक होते, तेव्हा गाडी मोठी लागत असावी. आपल्याकडे आजीच्या लग्नात आलेल्या काळ्या मशीनवर सोनेरी अक्षरांत ज्याचं नाव असायचं तो हाच. घरोघरी त्या मशीनला दसऱ्याला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ चढते. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणारी बाई "माझं सिंगर बिघडलंय" असं मोकळेपणी म्हणायची.

हाउने सिंगरवर दावा लावला. सिंगरला एकच बचाव होता: हे हाउच्याही आधी कोणीतरी केलं होतं हे दाखवायचं. त्याच्या वकिलांनी शहर पालथं घातलं आणि हंटला गाठलं. वीस वर्षांमागच्या त्या यंत्राचे गंजके तुकडे कुठून तरी काढले, हंटने ते परत जुळवले. कल्पना करा, सबंध न्यूयॉर्क शिवणयंत्रांच्या खटल्यांनी पेटलंय, लाखो डॉलर पणाला लागलेत आणि ज्याला सगळे शोधताहेत तो गृहस्थ कागदी कॉलरींच्या नादात आहे. १८५४ साली पेटंटच्या आयुक्तांनी निकाल दिला. आधी हंटनेच केलं, हे मान्य. पण इतकी वर्षं गप्प बसून त्याने स्वतःच हक्क सोडला, तेव्हा पेटंट हाउचं. सिंगरला हाउशी तडजोड करून पंधरा हजार डॉलर मोजावे लागले. हाउ पुढे प्रत्येक मशीनमागे पैसे घेत राहिला आणि १८६७ साली, पेटंटची मुदत संपली त्याच वर्षी, वारला. हंटला मिळाली ती शाबासकी.

त्या १८५४ सालीच हंटने कागदी कॉलरीचं पेटंट घेतलं. तिलाही इतिहास आहे. शर्टापासून वेगळी होणारी कॉलर ही ट्रॉय गावच्या हॅना माँटेग्यू या बाईची युक्ती मानतात. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर तेवढी मळते आणि धुवावा लागतो सबंध शर्ट, या वैतागाने तिने १८२७ साली कात्री घेऊन कॉलरच कापली, धुतली आणि परत अडकवली. ट्रॉय पुढे कॉलरींचं गाव म्हणून ओळखलं गेलं. हंटने त्यापुढची पायरी काढली: धुवायचीच कशाला, कागदाची करा आणि फेकून द्या. कॉलरी खपल्या तुफान, पण हंट गेल्यावर.

आपल्यातलाही एक माणूस या घराण्यातला होता. मुंबईचे शंकर आबाजी भिसे. किराणा दुकानात माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, त्या जोरावर ते विलायतेला गेले. छापखान्यासाठी अक्षरांचे खिळे ओतणारं यंत्र केलं, त्यात उमेदीची वर्षं घातली, दादाभाई नौरोजींसारख्यांनी पाठबळ दिलं. तिथून अमेरिका, तिथे आयोडीनचं औषध. तराजू, खिळे, औषध! कोणत्याही मास्तरने "एक काही धड कर रे" म्हणून कान पिळला असता. १९३५ साली भिसे गेले तेही न्यूयॉर्कलाच.

तर हंट. सिंगर गणिती माणूस. पुढे कधी कज्जा उकरला जाऊ नये म्हणून १८५८ साली त्याने हंटला त्या जुन्या यंत्राबद्दल पन्नास हजार डॉलर द्यायचं कबूल केलं. सिंगरच्या कंपनीचा मोठा शोध खरं तर हप्ता हा होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली होती आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली होती. तीच सोय त्यांनी हंटलाही लावली. पाच वर्षं, पाच हप्ते. पण ८ जून १८५९ ला न्यूमोनियाने हंट गेला, पैसे हाती पडण्याआधीच. गेला तोही आपल्या कारखान्यात.

इथे डोळे पुसायची पद्धत आहे. मला ते जमत नाही, कारण पन्नास हजार हातात आले असते तर त्याने काय केलं असतं हे मला स्पष्ट दिसतं. पहिला हप्ता चित्रकारांची उधारी फेडण्यात. दुसरा ॲरोस्मिथबरोबर कशात तरी. आणि उरलेले तीन हप्ते छतावर चालायच्या त्या बुटांना टाचेशी थोडी पकड कमी पडत होती, तिच्यात.